साण्यातून पडलेलं ऊन

उत्तम,

तू गेल्याची बातमी मी लिहिली नाही. कार्यालयातल्या दुसऱ्या सहकाऱ्यानं लिहिली. सात ओळी. तुझं वय, तुझी शाळा, मागे आई, पत्नी आणि एक मुलगी, सगळं बरोबर आलं. शेवटच्या ओळीत 'त्यांना संगणकाची आवड होती' असं आहे. प्रूफ माझ्यासमोर आलं तेव्हा त्या ओळीवर पेन थांबलं. खोडण्यासारखं काही नव्हतं, कारण चूक नव्हती. पण वाक्य चूक नाही म्हणजे ते पुरेसं आहे का, यावर आपला दोन वर्षं वाद चालला होता आणि तो तू मध्येच सोडून गेलास.

आवड नव्हतीच तुला. मशीनच्या पंख्याच्या आवाजानं डोकं उठतं म्हणायचास. बाहेर चपला काढून आत यायचा नियम तूच केलास आणि तूच त्याला हसायचास. शेजारचे लोक दारात उभे राहून विचारायचे, "सर, याच्यात पत्रिका निघती का हो?" तू म्हणायचास, "निघती की. पण आधी पाय धुऊन या, मंग गुण जुळत्यात." तुला एक घर बांधायचं होतं आणि ते बांधायला दुसरं हत्यार उरलं नव्हतं, एवढंच.

ते घर गंगाखेड ओलांडून पालमकडं जाताना एसटीचा जो फाटा लागतो, तिथून अर्धा तास चालल्यावर होतं. तीन खणांचं, माळवदाचं. तुझ्या वडिलांनी रेल्वेच्या रुळांवर गँगमनचं काम करून उभं केलेलं. माळवदाच्या मधोमध उजेडासाठी ठेवलेलं वीतभर भोक, साणं. त्यातून उन्हाचा कवडसा खाली यायचा आणि दिवसभर जमिनीवरून सरकायचा. सकाळी उतरंडीपाशी, दुपारी मधल्या खांबाशी, मग पूर्वेच्या भिंतीकडं, जात्याकडं. घरात घड्याळ नव्हतं. ऊन जात्याला लागलं की तू शाळेतून यायचास. तुझी माय त्या अंदाजानं चुलीवर तवा ठेवायची.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्या पावसाळ्यात मराठवाडाभर दलित वस्त्या जळाल्या. तुमची त्यात जळाली. तू औरंगाबादला चित्रकला शिकत होतास. माय नेसत्या लुगड्यानिशी परभणीला आली आणि परत गेली नाही. घराचा एकही फोटो नव्हता.

नोकरी लागल्यावर तू ते घर कागदावर काढलंस. पेन्सिलीनं, मग जलरंगात, मग तैलरंगात. मी ती चित्रं पाहिली आहेत. उत्तम होती. माय प्रत्येक चित्र डोळ्यांजवळ धरायची आणि तेच बोलायची.

"चांगलं काढलंस लेका. पर हे तू काढलेलं हाय."

तिच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही आणि राहिलेलंही हळूहळू जाईल. तेव्हा तुझी मुदत ठरली. मायला दिसतंय तोवर तिला तिचं घर दाखवायचं.

शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी तू पुण्याला गेलास आणि तिथं कुणीतरी संगणकावर एक चेंडू करून दाखवला. साधा चेंडू. दिवा डावीकडं ठेवला की सावली उजवीकडं पडते आणि दिवा हलवला की सावली आपोआप हलते. तू परत आल्यावर स्टेशनवरून घरी न जाता आधी माझ्याकडं आलास. बॅग खाली ठेवली नव्हतीस.

"ऐक. ऊन मी काढणार न्हाई आता. ऊन मशीन काढंल. मी फक्त भिंती मोजून देणार."

मी म्हणालो, "भिंतीही तूच सांगणार ना? मग फरक काय पडला?"

"फरक हाय. भिंती खऱ्या दिल्या की ऊन खोटं पडत न्हाई."

मी त्यावर बराच वेळ बोललो. पुरावा म्हणजे काय, आठवण म्हणजे काय, असं. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "तुझ्या वळखीचा कुणी हाय का हैदराबादला, सुटे भाग इकणारा?"

होता. कोठीच्या बाजारातला सलीमभाई. आमच्या कार्यालयातला संगणक त्यानंच जोडून दिला होता. तयार मशीन घेणं तुला जमणारं नव्हतं आणि तयार मशीनमध्ये तुला पाहिजे तेही नव्हतं. एकेक भाग निवडून जोडायचा होता. भविष्य निर्वाह निधीतून जे निघालं त्यात बसवायचं होतं. म्हणजे एक भाग वाढवला की दुसरा कमी. पुढचे कित्येक रविवार आपण तुझ्या व्हरांड्यात यादी केली आणि खोडली.

रंगांच्या कार्डावर आपलं पहिलं भांडण झालं. स्वस्त कार्ड दोनशे छप्पन रंग दाखवायचं, महाग हजारोंनी. पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीवर उजेड कसा हळूहळू विरत जातो ते तू मला बोटानं व्हरांड्याच्या भिंतीवर दाखवलंस. कमी रंगांत तो विरत नाही, त्याचे पट्टे पडतात. मी म्हणालो, मायच्या डोळ्यांना ते पट्टे दिसणार नाहीत, ते पैसे मेमरीत घाल.

तू यादीवरून मान वर केलीस. "तिला दिसंना म्हणून काहीबी दाखवू का?"

महाग कार्ड यादीत राहिलं. हार्ड डिस्क लहान झाली.

बॅटरीवर चालणाऱ्या वीजपुरवठ्याच्या पेटीवर मी जिंकलो. एक चित्र काढायला मशीनला तीन तास लागणार आणि परभणीत सलग तीन तास वीज राहील याची खात्री कोण देणार? तू म्हणालास, हा एक मुद्दा तुझा. नंतर प्रत्येक वेळी वीज गेली आणि चित्र वाचलं की तू मला शाळेतून निरोप पाठवायचास: 'पेटी जिंदाबाद'. तुझ्या वहीत मला त्यातली एक चिठ्ठी सापडली. पाठवायची राहिलेली.

प्रोसेसरची गोष्ट मला लिहायची नव्हती. पण ती गाळली तर हा लेख त्या सात ओळींसारखा होईल.

तुझं म्हणणं होतं की आपण दोघं हैदराबादला जाऊ, भाग डोळ्यांनी बघू, दुकानात लावून बघू आणि मग घेऊ. मी म्हणालो, दोन दिवस जातील, शाळेची रजा जाईल. मी फोनवर करतो. माझं कामच ते आहे. मी कार्यालयातून ट्रंक कॉल लावला आणि यादी वाचून दाखवली.

सलीमभाईनं विचारलं, "साब, चार-सौ-छियासी में डीएक्स देऊं क्या एसएक्स?"

"दोनों की रफ्तार एक है क्या?"

"हौ साब, रफ्तार एकच है. तैंतीस. एसएक्स सस्ता है."

"फिर एसएक्स."

"क्या काम करते उसपे?"

"चित्र काढायचेत, तसवीरें," मी म्हणालो. घाईत होतो. दुसऱ्या फोनवर बातमी थांबली होती. तसवीरें म्हटल्यावर त्यानं काय समजावं? त्याचा दोष नाही. मी विचारलेल्या प्रश्नाचं त्यानं बरोबर उत्तर दिलं. वाचलेल्या पैशांत मेमरीचे चार तुकडे जास्त आले आणि मी स्वतःवर खूश होतो.

मशीन आली. तू, मी आणि वहिनींनी ती खोक्यांतून काढून जोडली. वहिनींनी वर टाकायला भरतकाम केलेलं कापड आधीच तयार ठेवलं होतं. माय शेजारी खुर्ची ओढून बसली. तू ऊन-सावली काढणारा तुझा प्रोग्रॅम घातलास आणि पडद्यावर एकच ओळ आली. गणिताचा भाग सापडत नाही. प्रोग्रॅम बंद झाला. तू पुन्हा घातलास. पुन्हा तीच ओळ.

सावल्यांची आकडेमोड करणारा भाग डीएक्समध्ये असतो, एसएक्समध्ये नसतो. दोन्हींची रफ्तार एकच असते.

मायनं विचारलं, "दिसायलंय का काही?" तू म्हणालास, "न्हाई माय. थोडं राहिलंय." मग पेचकस हातात फिरवत, माझ्याकडं न बघता म्हणालास, "तू फोनवर लय इश्वास ठेवतोस."

तेवढंच. ओरडला असतास तर बरं झालं असतं.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. अठ्ठ्याहत्तर साली मी या कामात नवा होतो. तुमच्या गावाकडून धूर दिसतो असं कळलं. रस्ता बंद आहे असंही कुणीतरी सांगितलं. मी गेलो नाही. फोन लावला, तिकडून जे सांगण्यात आलं ते उतरवून घेतलं आणि छापायला दिलं. 'काही झोपड्यांना आग लागली. जीवितहानी नाही.' खाली नाव नव्हतं, आमच्या वार्ताहराकडून, एवढंच होतं. तो वार्ताहर मी. रस्ता बंद नव्हता. माय त्याच रस्त्यानं चालत आली.

तुला हे माहीत होतं का, मला माहीत नाही. एकदा तू विचारलं होतंस, "तवा तू कुठं होतास रे?" मी म्हणालो, ऑफिसात. तू पुढं विचारलं नाहीस. पुढं विचारणं हे माझं काम होतं, तुझं नव्हे, आणि तरी त्या वेळी तू विचारावंस असं मला वाटत होतं.

नवा प्रोसेसर घेण्याइतके पैसे जमायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मायच्या डाव्या डोळ्यातला उजेड गेला. मी तुला भेटायचं टाळायचो. तूच एका रविवारी कार्यालयात आलास, काखेत एक लांबडी वही घेऊन.

"चार महिने फुकट गेले म्हणून तोंड लपवायलास का? हे बग."

वहीत घर होतं. चित्र नव्हे, आकडे. प्रत्येक कोपऱ्याचे तीन. लांबी, रुंदी, उंची. पहिल्या पानावर सगळ्या वस्तीचा नकाशा आणि सतरा घरांवर सतरा कुटुंबांची नावं. मायला हाताच्या मापानं मोजायची सवय, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. तू टेपनं तिचा हात मोजला, साडेसतरा इंच भरला, आणि मशीनमध्ये फूट किंवा मीटर न घालता तेच माप एकक म्हणून धरायचं ठरवलंस. मायला व्हरांड्यात उभी करून विचारायचास, उंबऱ्यापासून खांब किती? ती डोळे मिटून चालायची. डोळे उघडे ठेवून तिला जे जमत नव्हतं ते मिटून जमत होतं. "पाच हात. न्हाई, थांब. सव्वापाच. मी घागर घेऊन वळायचे तिथं."

मग आपण हैदराबादला गेलो. या वेळी मी सोबत होतो. सलीमभाईनं आपल्यासमोर एका मशीनमध्ये डीएक्स बसवला. तू म्हणालास, असा न्हाई घ्यायचा, आधी काम करून दाखवायला सांग. वही उघडून तू दुकानातच आकडे घातलेस आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंस. पडद्यावर वरून एकेक ओळ उमटत खाली यायला लागली. गिऱ्हाइकं गोळा झाली. दगडाची गोल कड दिसली, मग खुंटा, मग खुंट्याची सावली.

"ये क्या है जी मास्टरसाब, टायर?" सलीमभाई म्हणाला.

"जातं हाय. आटा पीसने का."

"अरे, चक्की! हमारी अम्मी की थी ऐसीच." तो खुर्चीवरून उठून जवळ आला. "साया कितना सही पड़ा देखो. ऐसे काम के वास्ते एसएक्स किस ने बोला था आपको?"

चार महिन्यांपूर्वीचा माझा फोन तो विसरला होता. तू माझ्याकडं बघून हसलास. "है एक दोस्त. अखबार में है."

परतीच्या गाडीत तू तो डबीएवढा भाग शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला होतास. निजामाबाद आलं. मग तू म्हणालास, "आलास ते बरं केलंस." मी त्याचं उत्तर दिलं नाही. आता देतो. तू नेलंस ते बरं झालं.

बारा सेकंदांचं चलचित्र करायचं होतं. कवडसा खांबापासून निघतो आणि जात्याला लागतो. एकशे ऐंशी चित्रं. शाळेत जाताना मशीन लावायचास, आल्यावर एक-दोन चित्रं तयार असायची. विद्यापीठाला नाव मिळालं त्या दिवशी चौकात गुलाल होता, पेढे होते. मी तिथं उभा राहून लिहून घेत होतो. तू सायकलवरून उतरलास. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, तरी पहिला प्रश्न विचारलास, "नामांतर लिहिणार का नामविस्तार? जे झालंय ते लिही." मग म्हणालास, "संध्याकाळी घरी ये. ऊन अर्ध्यावर आलंय."

मी गेलो नाही. बातमी होती. नंतरही दोन वेळा जायचं राहिलं. मग तुझी सायकल रस्त्याच्या कडेला पडली आणि सरकारी दवाखान्यात मी पोचलो तेव्हा वहिनी बाकावर बसल्या होत्या, तुझं घड्याळ हातात धरून.

तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर पाहुणे गेले. वहिनींनी मशीनवरचं कापड काढलं. चालू कशी करायची ते तू त्यांना पाठ करून घेतलं होतंस. माय पडद्यापासून वीतभर अंतरावर बसली. उजव्या डोळ्यानं तिला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. वहिनींनी तू काढलेलं शेवटचं चित्र लावलं. एकशे एकतिसावं.

मायनं पडद्यावर हात ठेवला, बरोबर कवडशावर. "हितं हाय ऊन." मग मला म्हणाली, "तुमी सांगा पेपरवाले, काय काय दिसतंय ते. ही सांगायलीय, पर हिला रडू येतंय."

मी सांगितलं. डावीकडं उतरंड आहे. पाच मडकी.

"सहा. वरलं बारकं हाय. बगा नीट."

सहा होती. मी पुढं सांगितलं. मधला खांब. खांबाला खुंटी. भिंत पांढरी, खाली हातभर तांबडी. भिंतीवर उजेड विरत गेलेला आहे, पट्टे नाहीत. कवडसा खांबाच्या पुढं आलेला आहे आणि जात्यापासून हातभर अलीकडं थांबला आहे. जातं पूर्वेच्या भिंतीला लागून.

"भितीला लागून?"

"हो माय. अगदी टेकून."

तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "याड्यानं कवा दळलं असतं तर कळलं असतं. भितीला टेकवल्यावर खुंटा फिरंल का? हाताला जागा नको? हातभर अलीकडं होतं जातं."

तू वहीत सगळं तिला विचारून लिहिलंस, उतरंडीतल्या बारक्या मडक्यापर्यंत. जात्याची जागा तेवढी विचारली नाहीस. ती तुला माहीत होती.

मी खुर्ची मागं घेतली. मायनं मान माझ्याकडं वळवली.

"तुमी आले होते का कवा आमच्या घरी? घर उभं असताना?"

पंख्याचा आवाज येत होता. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. "नाही माय," मी म्हणालो. "जळालं तेव्हा पेपरात मीच लिहिलं होतं. पण मी आलो नव्हतो. फोनवर विचारलं होतं."

तिनं पडद्यावरचा हात काढून घेतला, मला नीट दिसावं म्हणून.

"मंग आता बगा," ती म्हणाली.

मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं फाट्यावर उतरलो आणि तुझी वही घेऊन चालत गेलो. जागेवर आता कडब्याची गंजी आहे. तिच्या एका बाजूला जोत्याचा दगड दिसतो. मी मोजला. तुझ्या आकड्यांशी जुळतो.

तेव्हा ही दुरुस्ती. अठ्ठ्याहत्तरच्या त्या बातमीत 'काही झोपड्या' असं छापलं होतं. तिथं सतरा घरं होती. आग लागली नव्हती, लावली होती. त्यांतलं एक घर तीन खणांचं होतं, माळवदाचं, मधोमध साणं असलेलं. घरातलं जातं भिंतीला टेकलेलं नव्हतं, हातभर अलीकडं होतं. म्हणजे उत्तम, तुझा कवडसा जात्यापाशी पोचलाच होता, पुढची एकोणपन्नास चित्रं काढायची राहिलेली नाहीत. जात्याची जागा बदलून शेवटचं चित्र मी आणि वहिनींनी पुन्हा काढायला लावलं. तीन तास लागले, मध्ये एकदा वीज गेली, पेटीनं चित्र वाचवलं. ऊन जात्याला लागलेलं आहे.